‘स्टाफ म्हणजे स्टाफ, कुठेही लावा’ असं म्हणणाऱ्यांना खुलं पत्र

आदरणीय नर्सिंग अधीक्षक, सहायक अधीक्षक आणि त्यांच्यावर मनुष्यबळाचा हिशोब लादणारे रुग्णालय प्रशासक,

सप्रेम नमस्कार.

ड्युटी लिस्ट लावणं ही किती मोठी डोकेदुखी आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. कुणी आजारी, कुणी बाळंतपणाच्या रजेवर, कुणाच्या घरात कार्य, आणि नाइट सुरू व्हायला तासभर असताना येणारा ‘आज जमणार नाही’ असा फोन. मग यादीतल्या एका नावावर रेघ ओढली जाते आणि शेजारी लिहिलं जातं, ‘लेबर रूममधून एक स्टाफ पीडियाट्रिकला’. कागदावर हिशोब जुळतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: स्टाफ म्हणजे स्टाफ, सगळ्यांनी एकच कोर्स केलाय ना?

केलाय. त्याबद्दल वाद नाही. पण प्रसूती, हृदयरोग आणि बालरोग या तीन विभागांमध्ये परिचारिकेची अशी आयत्या वेळची अदलाबदल थांबवा, एवढं एकच मागणं घेऊन मी हे पत्र लिहिते आहे. आणि अगदीच गळ्याशी आलं, तर अशा परिचारिकेच्या हाती त्या रात्री काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही, हे दिवसाउजेडी ठरवून ठेवा.

कारण सांगते. समजा चार्टवर लिहिलंय, नाडी मिनिटाला ११०. शांत झोपलेल्या नवजात बाळाची असेल तर त्याच्या दुपट्याला हातही न लावता पुढच्या बाळाकडे जावं. तासाभरापूर्वी बाळंत झालेल्या बाईची असेल तर आधी पांघरूण बाजूला करून रक्तस्राव बघावा. आणि कालच हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या माणसाची असेल तर प्रश्नांची रांगच लागते: वेदना होताहेत का, लय नियमित आहे का, श्वास लागतोय का, पंपच कमजोर पडलाय का? आकडा एकच, पण एका ठिकाणी निश्चिंत राहायचं, दुसरीकडे धाव घ्यायची आणि तिसरीकडे थांबून विचार करायचा. आकडे परीक्षेपुरते पाठ होतात. पण कुठल्या खाटेशी कुठला आकडा डोक्यात खटकला पाहिजे, हे त्या वॉर्डात राहून अंगी मुरतं, आणि ते मुरलेलं ज्ञान यादीतल्या एका रेघेनं दुसरीकडे हलत नाही.

बाळंतिणीच्या रक्तस्रावाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ ४० ते ४५ टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यामुळे तरुण, निरोगी बाई बरंच रक्त जाईपर्यंत तग धरते आणि बीपी धरून ठेवते. चार्टवर ११०/७० दिसतं आणि नवखी परिचारिका समाधानानं पुढे जाते. लेबर रूममध्ये वर्षं काढलेली बाई मात्र दोन आकडे शेजारी ठेवून बघते. नाडी ११०, वरचं बीपी ११०, म्हणजे नाडीला बीपीनं भागलं तर १. हा भागाकार ०.९ किंवा त्याहून जास्त आला की तिचा हात आपोआप पोटाकडे जातो. बेंबीच्या आसपास गर्भाशय चाचपायचं. चेंडूसारखं टणक लागलं तर ठीक. पिठूळ, मऊ लागलं किंवा हाताला सापडतच नसेल, तर चोळायला सुरुवात आणि त्याच वेळी मोठ्यानं हाक. बेंबीच्या वर आणि एका बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे, सरकलेलं लागलं तर आधी मूत्राशय रिकामं करायचं, कारण भरलेली पिशवी गर्भाशयाला आवळू देत नाही. अशा रक्तस्रावांपैकी सुमारे ७० टक्के प्रकरणांत गर्भाशयाचं हे ढिलेपणच मुळाशी असतं. हे सगळं एखाद्या मिनिटात होतं. ‘डॉक्टरांना कॉल लावला आहे’ असं लिहून भागणारं हे काम नव्हे.

नजरेनं रक्ताचा अंदाज घेणं किती फसवं असतं, हे अनुभवी बायकांनाही ठाऊक आहे. चादर, गादी, पॅड यांत जिरलेलं रक्त नेहमी कमीच वाटतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. खुणा केलेली, रक्त मोजणारी एक साधी प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावायची आणि रक्तस्राव लक्षात येताच मसाज, गर्भाशय आवळणारी औषधं, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकापाठोपाठ एक न करता एकत्रच सुरू करायचं. नेहमीच्या पद्धतीत निम्म्याच्या आसपास रक्तस्राव ओळखले जात होते, या पद्धतीत ९३ टक्के ओळखले गेले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून होणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं. यात नवीन औषध एकही नव्हतं. तिथल्या प्रत्येकीला तीच पद्धत हातात बसेपर्यंत शिकवलेली होती, आणि ती त्याच खोलीत काम करत होती. हृदयरोगातून त्या रात्रीपुरती आलेल्या परिचारिकेला ती पिशवी कुठल्या कपाटात आहे हेसुद्धा माहीत नसतं.

आता मॅगसल्फ घ्या, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. तिन्ही वॉर्डांच्या ट्रॉलीत ते असतं. प्रसूती विभागात बीपी वाढून येणारे झटके थांबवायला आणि येऊ नयेत म्हणून, ग्रॅमच्या हिशोबानं, चोवीस तास चालतं. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: श्वास मिनिटाला किमान १६, गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो का, आणि मागच्या चार तासांत लघवी तासाला किमान ३० मिली झाली का. यातलं काहीही कमी असेल तर डोस थांबवायचा. श्वास मंदावला तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, शिरेतून सावकाश. म्हणून ते इंजेक्शन सिरिंजसह खाटेशीच हवं, स्टोअरच्या कुलपात नको. औषध अंगात वाढू लागलं की आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास, मग हृदय. ती हातोडी रुग्णाचं आयुष्य किती मिनिटं पुढे बघू शकते, हे ज्यानं एकदा पाहिलंय तो ती खिशात घेऊनच फिरतो. हेच औषध हृदयरोगात टोर्साड्स नावाच्या वेडावाकड्या लयीसाठी १ ते २ ग्रॅम देतात आणि त्या लयीनं हृदय थांबलेलं असेल तर पटकन देतात. बालरोगात तेच किलोमागे २५ ते ५० मिलिग्रॅम, सावकाश आणि मोजून. बाटलीवरचं नाव तेच. ज्या वॉर्डात हात तयार झाला तिथला डोस आणि तिथला वेग हातात बसलेला असतो, आणि पहाटे तीन वाजता माणूस डोक्यानं कमी आणि हातानं जास्त काम करतो.

डिगॉक्सिन या हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या औषधाचंही तेच. गोळी देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मनगटावर पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर थांबायचं. शाळकरी मुलात ७० च्या खाली. तान्ह्या बाळात साधारण ९० ते १०० च्या खाली. म्हणजे हृदयरोगातल्या परिचारिकेला ८० हा निवांत आकडा वाटतो, आणि त्याच ८० ला बाळाचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवायला हवं असतं.

आणि ठोके खरोखरच मंदावले तर? मोठ्यांच्या हृदयरोग कक्षात पहिला विचार ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनचा, मग पेसिंगचा, म्हणजे यंत्रानं ठोके देण्याचा. बाळाचे ठोके मंदावतात ते बहुतेक वेळा प्राणवायू कमी पडल्यामुळे. तिथे आधी श्वासमार्ग मोकळा करायचा, अँबू बॅगनं श्वास द्यायचा. नीट श्वास देऊनही ठोके ६० च्या खालीच राहिले आणि रक्ताभिसरण खालावलेलं असेल, तर छाती दाबायला सुरुवात. हृदयरोगात हुशार म्हणून नावाजलेली परिचारिका बालरोगात आल्यावर ॲम्प्यूल फोडायला धावली तर तिला दोष कसा द्यायचा? तिच्या वॉर्डात तेच बरोबर होतं.

बालरोगाची आणखी एक अडचण म्हणजे तिथं सगळंच इवलं असतं. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८० ते ९० मिली रक्त. तपासणीला २ मिली काढलं, म्हणजे मोठ्या माणसाचं शंभर मिलीहून जास्त एका दमात काढल्यासारखं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. म्हणून .५ असं कधीच लिहायचं नाही, ०.५ लिहायचं, आणि ५ लिहायचे असतील तर ५.० लिहायचं नाही, ते घाईत ५० वाचलं जातं. वजन किलोतच, आजचंच, आणि केस पेपरच्या पहिल्या पानावर. बीपीवर तर बालरोगात भरवसाच ठेवू नये. मुलाचं बीपी अगदी शेवटी पडतं. त्याआधी नाडी वाढलेली असते, हातपाय गार पडलेले असतात, दाबलेल्या बोटाचा रंग परत यायला दोन-तीन सेकंदांहून जास्त लागत असतात, आणि आई सांगत असते की हा नेहमीसारखा वाटत नाहीये. आईचं ते वाक्य चार्टवर लिहायला रकाना नसतो. असायला हवा.

इथे २००६ ची एक घटना आठवते, परिचारिकांच्या प्रशिक्षणात ती अजून सांगितली जाते. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात नवजात कक्षाच्या कपाटात मिलीला १० युनिटच्या हिपॅरिनऐवजी (रक्त गोठू न देणारं औषध) मिलीला १०,००० युनिटच्या बाटल्या भरल्या गेल्या. लेबलं दिसायला सारखी. सहा बाळांना हजारपट ताकदीचं औषध गेलं आणि तीन बाळं दगावली. तीव्र हिपॅरिन मोठ्यांच्या उपचारात रोजचं असतं, नवजात कक्षात त्याचं कामच नसतं. तिथे हात अनोळखी असायचीही गरज पडली नाही, नेहमीच्या हातांनाच बाटली चुकीची मिळाली. मग वॉर्डही अनोळखी, कपाटही अनोळखी आणि बाळांची संख्या जास्त, अशा परिचारिकेवर आपण किती ओझं टाकतो याचा विचार व्हावा.

मला ठाऊक आहे, यावर दोन गोष्टी ऐकवल्या जातील. पहिली, बदलीनं शिकायला मिळतं. मिळतंच. विद्यार्थिनींनी आणि नव्या स्टाफनं तिन्ही वॉर्डांत काम केलंच पाहिजे, पण महिन्या-महिन्यांची नेमणूक आणि सोबत त्या वॉर्डातली जुनी सिस्टर असं. रात्री आठला फोन करून पाठवलेलीला कोण शिकवणार? तिला तर कुणी औषधांच्या कपाटाची किल्लीही धड समजावून देत नाही. दुसरी गोष्ट, माणसंच नाहीत. हे खरं आहे, आणि याचं उत्तर अधीक्षकांपाशी नसून त्यांच्या वरच्या खुर्च्यांपाशी आहे. युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण त्याच अभ्यासात दुसरीही बाजू होती: पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे तीच शक्यता ७ टक्क्यांनी कमी. डोकी मोजणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्या डोक्यांत काय आहे हेही.

ज्ञानासोबत अधिकारही द्यावा लागतो, हे हृदयरोग कक्षांच्या जन्मातच लिहिलेलं आहे. हार्ट अटॅकनंतर वाचलेले रुग्ण वॉर्डात अचानक जात, कारण हृदय आवळण्याऐवजी नुसतं थरथरू लागे. १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन यांनी अशा रुग्णांना एकत्र ठेवून सतत ईसीजीवर लक्ष ठेवण्याची कल्पना मांडली, १९६२ मध्ये ह्यूजेस डे यांनी कॅन्सस सिटीत असा कक्ष उघडला. पण यंत्रं येऊनही डॉक्टर धावत येईपर्यंत वेळ हातातून जाई. शॉक द्यायला एक मिनिट उशीर म्हणजे वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिन्नेओ यांनी परिचारिकांना लय ओळखायला शिकवलं आणि डॉक्टरांची वाट न बघता शॉक देण्याची मुभा दिली. तेव्हा कुठे त्या कक्षांना अर्थ आला. आज तो अधिकार कागदावर बऱ्याच ठिकाणी आहे. पण ज्या परिचारिकेला आपण काल रात्रीच बाळंतिणींच्या वॉर्डातून मॉनिटरसमोर आणून बसवलं, ती त्या हलणाऱ्या रेषेकडे बघून शॉक देण्याचं धाडस करील का? आणि हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णाच्या छातीतल्या नळीतून येणारं रक्त अचानक थांबलं, तर तिला ती चांगली बातमी वाटेल. नळी गुठळीनं तुंबली असेल, हृदयाभोवती रक्त साठत असेल, बीपी उतरत जाईल आणि मानेच्या शिरा फुगतील, हा धडा तिनं केव्हातरी एकदा वाचलेला असतो. एवढंच.

खरी कसोटी मात्र या तिन्ही वॉर्डांच्या सीमेवर लागते. हृदयाची झडप अरुंद झालेली बाई बाळंत होते, गर्भाशय आवळतं आणि त्यातलं रक्त एकदम परत हृदयाकडे येतं. ज्या क्षणी लेबर रूम सुटकेचा श्वास टाकते, त्याच क्षणी तिच्या फुप्फुसात पाणी भरायला लागू शकतं. बीपी वाढलेल्या बाईला रक्तस्रावात मेथर्जिन देऊ नये, ऑक्सिटोसिन शिरेतून भसकन ढकलू नये (दोन्ही गर्भाशय आवळणारी औषधं), हे दोन्ही वॉर्डांची भाषा कळणारीला पटकन सुचतं. बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू कमजोर पडू शकतो. ‘आडवं झालं की धाप लागते, दोन उशा लागतात’ हे तिचं बोलणं बाळंतिणीचा थकवा म्हणून सोडून दिलं जातं. आणि दूध ओढताना कपाळावर घाम येणारं, दर दोन घोटांनी थांबणारं बाळ आळशी नसतं, त्याचं हृदय तपासायला हवं असतं. म्हणून तिन्ही विभागांनी एकमेकांकडून शिकावं हे मलाही हवंच आहे. ते शिकणं दिवसा, ठरवून, ड्युटीच्या वेळेत व्हावं. सुट्टीच्या दिवशी बोलावून सह्या घेतलेलं प्रशिक्षण मी धरत नाही.

म्हणून विनंती अशी. कुठल्या वॉर्डातली परिचारिका कुठे चालेल याच्या जोड्या आधीच ठरवा: प्रसूतीपश्चात कक्षातली नवजात कक्षात, हृदयरोगातली मोठ्यांच्या अतिदक्षता विभागात. त्यापलीकडे पाठवायची वेळ आली तर तिला स्थिर रुग्ण द्या. मॅगसल्फचं सलाईन, शिरेतून बीपीची औषधं चालू असलेला रुग्ण, ताज्या शस्त्रक्रियेची नळी, किलोच्या हिशोबानं चाललेलं कुठलंही इन्फ्युजन तिच्या एकटीच्या हाती नको. बाळाचा प्रत्येक डोस दुसरीनं वेगळा हिशोब करून तपासावा. पहिलीच्या कागदावर नुसती मान डोलवणं म्हणजे तपासणी नव्हे. हँडओव्हर खाटेशी उभं राहून घ्यावा, टेबलाशी बसून नाही, आणि त्यात ‘या वॉर्डात कुठल्या आकड्याला डॉक्टरांना उठवायचं’ हे वाक्य असावं. वयाप्रमाणे श्वास, ठोके, बीपी यांचा तक्ता भिंतीवर असतोच, बहुतेकदा कपाटाच्या मागे. तो पुढे आणा.

आणि एखादी म्हणाली की हे काम मला येत नाही, मी करणार नाही, तर तिला मेमो देऊ नका. तिनं हे बोलून दाखवणं ही त्या रात्रीची सगळ्यात सुरक्षित गोष्ट असते. तसंच ‘आकडे बरे आहेत पण मला रुग्ण बरा वाटत नाही’ एवढ्या कारणावर डॉक्टरांना उठवण्याची मुभा लेखी द्या, म्हणजे पहाटेची बोलणी तिला एकटीला खावी लागणार नाहीत.

पुढच्या महिन्याची लिस्ट लावायला बसाल तेव्हा या तीन विभागांच्या इन्चार्ज सिस्टरना अर्धा तास समोर बसवून जोड्या ठरवा. लेबर रूमकडून मी यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
प्रसूती विभागातली एक वरिष्ठ परिचारिका